न दुखणारा गुडघा

वरच्या मजल्यावरचा अमोल खालच्या डिव्हिजनच्या एका क्लबकडून पगारावर फुटबॉल खेळतो, मिडफिल्डर म्हणून. रोज सकाळी तो जिना तिरका होऊन उतरतो. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, म्हाताऱ्यासारखा. आज मात्र धडाधडा पळत खाली आला.

"बरा झाला का रे गुडघा?" मी दारातूनच विचारलं.

"मॅचसाठी इंजेक्शन घेतलंय, काकू. आज अजिबात दुखत नाहीये." आणि हसत गेला.

मी त्याचा खेळ पाहिलाय. चेंडू पायाशी येण्याआधी तो मान वळवून मागे बघतो. बघायला सवड नसली आणि समोरच्या संघाचा कुणी पाठीवर येत असला, तर सोबतचे ओरडतात, "मागे माणूस!" त्या हाकेनेच त्याचे पाय इतकी वर्षं वाचवले. दुखणं हीसुद्धा तशीच हाक असावी, शरीराने आतून मारलेली. आपण तिच्यावर वैतागतो आणि एक दिवस तिचं तोंडच बंद करून टाकतो. मागचा माणूस त्यामुळे थांबत नाही.

मॅच संपून बराच वेळ झाला. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, माझं लक्षच नाही. कान जिन्याकडे लागलेत, आणि आज मला ती म्हातारी, तिरकी पावलं ऐकायची आहेत.