उजव्या चाकाचं तेल

आमच्या घरात लोखंडाला गंज चढत नाही, अशी माझी ख्याती आहे. ती मी लग्नानंतरच्या पहिल्याच खंडेनवमीला मिळवली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली हत्यारं धुऊन, पुसून, तेल लावून पुजायची असतात. विळे, कोयते, कुऱ्हाड, पहार, जे असेल ते. सासूबाईंनी तेलाची वाटी आणि कोंबडीचं पीस हातात दिलं आणि मी अशी सुटले की विचारू नका. हत्यारं झाली, अडकित्ता झाला, दाराच्या कड्यासुद्धा झाल्या. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "लोखंड वळखतं हिचा हात." झालं! ती बावळट पोर, म्हणजे मीच, त्या एका वाक्यावर जन्मभर फुगून राहिली.

त्याच भरात तिनं नवऱ्याची सायकलही पुजली. साखळीला तेल लावलं, इथवर ठीक. पण चाकांच्या कडांवर, जिथं ब्रेकचे रबर घासतात तिथं, गंजाचे ठिपके दिसले. मग तिथंही पिसानं गोल गोल तेल. दुसऱ्या दिवशी हे भोरला जायला म्हणून निघाले आणि उत्रोलीच्या शिवेवरच सायकलीसकट कापणीला आलेल्या भातात शिरले. चिखलानं माखून परत आले, तर बाईसाहेब दारात उभ्या. काय म्हणाल्या असतील? "तुमाला सायकल चालवायला येत न्हाई, त्याला आमी काय करायचं?"

ते नुसते हसले. सायकलच्या कडा राखेनं घासून काढल्या आणि परत कधी तो विषय काढला नाही. मला वाटलं, लाजले.

हे सगळं मी विसरूनही गेले होते. आठवायला सून यावी लागली, आणि तिची गाडी.

सून विंझरच्या पुढं एका शाळेत शिकवते. नातही तिच्याबरोबर त्याच शाळेत जाते. आधी दोघी यष्टीनं जायच्या. एक यष्टी चुकली की पुढची सगळी साखळी चुकायची, आणि यायला दिवस मावळायचा. शेवटी मुलानं शिवऱ्याला हायवेलगत एकाकडून जुनी गाडी घेतली. बरीच चाललेली होती, चाकांच्या टोप्या आधीच्या मालकाकडंच राहिल्या होत्या. सून गाडी शिकली तेव्हा भावकीतले लोक ओट्यावर बसून बघायचे. "मास्तरीणबाई, गुरं बाजूला घेऊ का?" असं ओरडायचे. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मग पावसाळाभर तिनं गाडी अशी नेली-आणली की ओरडणारेच "आमाला भोरात सोडता का" म्हणू लागले.

मागच्या दसऱ्याला सून नातीला घेऊन माहेरी गेली होती. गाडी गोठ्याच्या भिंतीला डावी बाजू लावून उभी. खंडेनवमीला मी हत्यारं आटोपली, गाडी धुतली, हळदकुंकू वाहिलं. आणि पुढच्या उजव्या चाकाच्या भोकातून आत बघते, तर ताटाएवढी लोखंडी चकती, अन् तिच्यावर लालभडक गंज! जिवाला लागलं हो माझ्या. दारातल्या लोखंडाला गंज, तोही खंडेनवमीला? वाटी होतीच, पीस होतंच. भोकातून पीस घालून, हात पोचेल तिथवर तेल लावलं. डाव्या अंगाला भिंत असल्यानं तिकडं शिरता आलं नाही, म्हणून हळहळलेसुद्धा. आता त्या भिंतीला मी मनातल्या मनात नमस्कार करते.

शाळा सुरू झाली त्याच संध्याकाळी दोघी घरी आल्या त्या नेहमीच्या हॉर्नशिवाय. गाडीचा पुढचा डावा कोपरा खरवडलेला. सुनेचा चेहरा पिठासारखा पांढरा. नात मात्र उड्या मारत आत आली. "आज्जी, उतारावर आपली गाडी आपोआप ओढ्यावरच्या मोरीकडं गेली! आईनं ब्रेक दाबला तरी जातच राहिली! कठड्याला घासून थांबली. आणि भज्यांचा वास आला!"

मुलगा कामावरून नुकताच आला होता. बाहेर जाऊन कोपरा बघून आला आणि म्हणाला, "तुला चालवायला येत न्हाई. इकून टाकू ही बला. पयल्यासारखं यष्टीनं जावा."

एरवी सून त्याचं एकही वाक्य खाली पडू देत नाही. मी वाट बघत होते. पण तिनं किल्ली देवाच्या फळीवर ठेवली आणि हळूच म्हणाली, "न्हाईच येत मला बहुतेक."

मी कांदा चिरत होते. हात तिथंच थांबला. मुलाचं वाक्य माझंच होतं. त्याच दारातून मी ते चिखलानं माखलेल्या माणसाच्या तोंडावर फेकलं होतं. सायकलच्या कडा, राखेनं घासणं, ते हसणं, सगळं एकदम पुढं आलं. पाणी टाकायच्या निमित्तानं बाहेर गेले, उजव्या चाकात बोट घातलं, हुंगलं. जळकं शेंगदाण्याचं तेल.

तर मी काय केलं? आत आले आणि भाजी फोडणीला टाकली. लोखंड ओळखणारा हात ना तो! आता गप्प बसायलाही शिकला होता.

रविवारपर्यंत मी बोलले नाही. सून उजाडायच्या आत यष्टीला जायची. नात तिच्याबरोबर उठेना, म्हणून तिची शाळा बुडाली. ती घरात माझ्यामागं फिरत विचारायची, "आपली गाडी आजारी हाय का?" संध्याकाळी सून पाय धुऊन बसायची आणि दारातल्या गाडीकडं बघायचीसुद्धा नाही. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते हे तिनं नंतर सांगितलं होतं, पण ते तिला स्वतःलाच खरं वाटेनासं झालं होतं. "मीच घाबरून स्टेरिंग वळवलं असंल," एकदा मला म्हणाली. मी म्हटलं, "जेव तू." मोठी आली जेव म्हणणारी!

रविवारी मुलगा गाडी घेऊन भोरच्या मेकॅनिककडं निघाला. विकायच्या आधी नीट करून घेऊ म्हणून. मी कोथिंबीर आणायच्या निमित्तानं मागं बसले. मुलानं सबंध रस्ता गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरात, बैलगाडीसारखी नेली.

मेकॅनिक बोलायला भलता शूर. गाडी बघायच्या आधीच म्हणाला, "हवा कमी-जास्त असंल, दुसरं काय." हवा बघितली, बरोबर निघाली. मग आम्हाला घेऊन सपाट रस्त्यावर गेला, रस्ता मोकळा बघून हळू वेगात स्टेरिंग सैल धरलं आणि ब्रेक दाबला. गाडी डावीकडं गेली. परत केलं, परत डावीकडं.

"मी म्हणत होतो ना," तो म्हणाला. तो तसं काहीच म्हणाला नव्हता. "आता लोकं काय करतात, जिकडं ओढती तिकडचं चाक खोलतात. त्या चाकाचा काय गुन्हा? ते बिचारं काम करतंय. उजवं कामच करंना, म्हणून गाडी डाव्यावर जाती. गुन्हेगार ह्या बाजूला गप बसलाय."

मी खिडकीबाहेर बघत होते.

गॅरेजला येऊन त्यानं उजवं चाक काढलं. ब्रेकचे पॅड, म्हणजे त्या चकतीला दोन्हीकडून धरणाऱ्या वड्या, काळ्या आणि चकचकीत झालेल्या. "ब्रेक ऑइल गळतंय. हितलं सगळं बदलावं लागंल." मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघितली, तर खुणेपर्यंत भरलेली. तो डोकं खाजवू लागला. "गळतंय, तर कमी का न्हाई झालं?"

मुलगा वैतागला. "जुनं धूड हे. एक करावं तर दुसरं निघतंय. हाय तशी इकतो. तिलाबी चालवायला जमत न्हाई."

आता बोल, असं मी स्वतःला म्हटलं. तेवढ्यात मेकॅनिकनं पॅड नाकाशी नेला. "हे ब्रेक ऑइलच न्हाई. खायचं तेल हाय. कुणीतरी पामतेल वतलंय हितं. हलकं, टुकार तेल."

"पामतेल?" मी म्हणाले. "घाण्याचं शेंगदाणा हाय ते! आमच्या घरात पामतेल येत न्हाई!"

तर अशी मी खरं बोलले. मनाला लागलं म्हणून नाही हो, तेलाला नावं ठेवली म्हणून.

मेकॅनिक आधी बघतच राहिला, मग पोट धरून हसला. "आज्जी, गाडीची पूजा बाहेरनं करा! हे तेल वडीत मुरलंय, तापलं की धूर, अन् ब्रेक सटकतोय." मुलगा हसला नाही. दोन्ही चाकांच्या नव्या वड्या बसल्या, चकती धुऊन झाली, तोवर तो पाठ करून उभा होता. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाला, "तिला तूच सांग."

सून दोरीवरचे कपडे काढत होती. ती मला आत्या म्हणते. मी पीस, वाटी, भिंत, सगळं सांगितलं. तिनं एक साडी घडी केली, दुसरी केली. मला वाटलं होतं, हसेल नाहीतर भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"आत्या, तुमाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. सांजच्याला."

"म्हंजी मी यष्टीनं जात हुते तवा ठावं हुतं?"

"व्हय."

तिनं मान हलवली आणि कपडे घेऊन आत गेली. तेलाचं तिनं केव्हाच माफ केलं असणार. त्यानंतर मी गप्प बसले त्या दिवसांचं मला विचारायची हिंमत नाही.

सोमवारी तिनं फळीवरची किल्ली उचलली. मी न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसले. म्हटलं, जायचंच असेल कठड्यावर तर आधी मी. विंझरच्या उतारावर तिनं ब्रेक दाबला आणि गाडी सुतासारखी सरळ थांबली. भज्यांचा वास नाही, काही नाही. माझा पाय मात्र पुढं ब्रेक असल्यासारखा खाली रुतलेला.

त्याला आता बरेच दिवस झाले. गाडी विकली नाही. भावकीतले परत भोरात सोडा म्हणतात. परवा शाळेचा कार्यक्रम होता म्हणून मीही गेले होते. मोरी दिसायच्या कितीतरी आधी, चिंचेपाशीच, सुनेचा पाय ब्रेकवर गेला. दोन्ही हात स्टेरिंगवर घट्ट. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मागून नात म्हणाली, "आई, तू हितं लई हळू का जाती? आता तर गाडी बरी झाली ना?"

सुनेनं आरशातून तिच्याकडं बघितलं. माझ्याकडं नाही.

"सवय हाय गं," ती म्हणाली.

मी मांडीवरची पिशवी नीट केली. ती नीटच होती, तरी परत केली.