रिकाम्या गाडीचं माप

गुरुवारी दुपारी निरवांगीहून शकुंतला मॅडमचा फोन आला, तेव्हा मी बारामतीतल्या माझ्या गॅरेजात चहा पीत बढाया मारत होतो. विषय त्यांच्याच गाडीचा होता. जुन्या अँबॅसिडरला पाच गिअरचा डबा बसवला, शाफ्ट इथल्या इथं कापला, पुण्याचं तोंड बघावं लागलं नाही, वगैरे.

"आबा, गाडीला खालून ठोका बसतोय," मॅडम म्हणाल्या. "खड्डा आला की धाडकन आवाज. परवा सकाळी आठला बारामतीत मॅच आहे."

चहा तसाच राहिला.

मॅडम पीटीच्या शिक्षिका. निवृत्त झाल्या, पण गावातल्या मुलींची कबड्डीची टीम काही त्यांनी सोडली नाही. सात मुली आणि मॅडम अशी आठ माणसं त्या अँबॅसिडरमध्ये बसून गावोगावच्या स्पर्धा खेळून येतात. कायद्याच्या दृष्टीनं हे बरोबर नाही, मी तसं सांगूनही पाहिलं. त्यावर कुठल्या मुलीला घरी ठेवू, तिचं नाव सांगा, असं त्यांनी मला विचारलं. गाडी त्यांच्या वडिलांची. ते एके काळी इंदापूर-बारामती टॅक्सी चालवायचे.

दिवाळीनंतर या गाडीचा गिअरबॉक्स गेला. आतले दात झिजून गुळगुळीत झाले होते आणि तसले पार्ट आता मिळत नाहीत. मी भंगार बाजारातून नंतरच्या मॉडेलचा पाच गिअरचा डबा शोधून आणला. इंजिनाला तो एक प्लेट मध्ये घालून बसला. जुन्या गाडीत गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी होती, नव्या डब्याची खाली फ्लोअरवर आली. त्यामुळे पुढच्या सीटवर मधे बसणाऱ्या मुलीला पाय आखडून बसावं लागणार होतं. टीममधल्या सगळ्यात बुटक्या मुलीला ती जागा मिळाली आणि तिनं माझ्यावर राग धरला.

खरी अडचण वेगळीच होती. नवा डबा चार इंच लांब. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत इंजिनाची ताकद एक लांब पाइप फिरून नेतो, त्याला शाफ्ट म्हणतात. डबा चार इंच लांब म्हटल्यावर शाफ्ट चार इंच आखूड हवा. आता शाफ्ट आखूड करणं म्हणजे पायजमा आखूड करणं नव्हे. पाइप कापून टोक परत वेल्डिंग करायचं ते केसभरही वाकडं चालत नाही. दोन्ही टोकांचे सांधे एका रेषेत यावे लागतात, नाहीतर गाडी अंगात आल्यासारखी थरथरते.

हे काम मी अकबरभाईंना दिलं. त्यांचा लेथ आहे, ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरचे शाफ्ट करण्यात त्यांचा हात बसलेला. माप मी घेऊन दिलं. एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढलेला माणूस, मला माप कोण शिकवणार? शाफ्ट बसवून मी एकटा भिगवणपर्यंत गेलो, मासे खाल्ले आणि ऐंशीच्या स्पीडनं परत आलो. गाडी लोण्यासारखी पळाली. आणि आता हा फोन.

शुक्रवारी सकाळी मॅडम एकट्याच गाडी घेऊन आल्या. मी चक्कर मारली. मुद्दाम खड्ड्यातून नेली. आवाज नाही.

मग माझ्यातला डेपोवाला जागा झाला. म्हटलं, "मॅडम, गाडीला कायबी झालेलं न्हाय. पोरी आत उड्या मारत असतील."

कॉपी करताना सापडलेल्या पोराकडे बघावं तसं मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

"आबा, मी एकटी असले की गाडी गप्प असते. मुली बसल्या की बोलते. दुपारच्या एसटीनं मुली मैदान बघायला येणार आहेत. त्यांना बसवूनच बघा ना."

मला राग आला. राग यायचं कारण एवढंच की त्यांचं म्हणणं बरोबर असावं अशी शंका मलाही आली होती.

मुली आल्या. मी तोंडातल्या तोंडात म्हणत होतो की शाफ्ट परत काढायचा म्हणजे सोमवार उजाडेल, एक मॅच गेली तर काय आभाळ कोसळतंय. ते कॅप्टननं, अश्विनीनं, ऐकलं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आबा, सकाळची पहिली एसटी नऊनंतर पोचती. मुक्कामाला घरचे सोडत न्हाईत. दुसऱ्या गाडीत तर बसूच देत न्हाईत. मॅडमची गाडी म्हणून सोडत्यात. उद्या गाडी निघाली न्हाय, तर आमी सगळ्या घरी. आन् मला परत सोडतील का न्हाय, त्ये मलाच म्हायती न्हाय."

रडली नाही, आवाजही चढवला नाही. मला मात्र माझीच लाज वाटली. ज्या गोष्टीला मी एक मॅच म्हणत होतो, ती या पोरीची गावाबाहेर पडायची एकुलती एक वाट होती.

गाडी पिटवर घेतली. पिट म्हणजे जमिनीतला खड्डा, त्यात उतरून आपण गाडीच्या पोटाखाली उभं राहतो. शाफ्टचं पुढचं टोक गिअरबॉक्समध्ये आत-बाहेर सरकतं, कारण मागची चाकं वर-खाली होत असतात. त्या सरकण्याला मी चार सूत, म्हणजे अर्धा इंच, जागा सोडली होती. टोकावर खडूनं रेघ मारली आणि मुलींना एकेक करून बसायला सांगितलं.

पहिल्या दोघी बसल्या, रेघ थोडी आत गेली. पाच झाल्या, आणखी आत. सातवी बसली, मॅडम स्टिअरिंगवर बसल्या आणि रेघ दिसेनाशी झाली. मी टेप लावला. अर्धं सूतही उरलं नव्हतं.

वरून कुणीतरी विचारलं, श्वास रोखून धरू का? मी खालून सांगितलं की त्यानं वजन कमी होत नाही.

आता सगळं लख्ख दिसलं. टॅक्सीच्या दिवसांत मॅडमच्या वडिलांनी मागच्या कमानीत, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक पाटा जादा घातला होता. त्यामुळे ही गाडी रिकामी असली की ढुंगण वर करून उभी राहते. भरली की बसते, मागचा ॲक्सल वर येतो आणि शाफ्ट पुढं सरकतो. खड्डा आला की त्याला सरकायला जागाच नाही, मग तो गिअरबॉक्सवर आदळतो. आम्ही डेपोत बस रिकामीच मोजायचो. बसच्या शाफ्टला मुळातच ऐसपैस जागा असते, तिथं हे खपून गेलं. चूक अकबरभाईंची नव्हती, मुलींची नव्हती. माझी होती. पिटमधून वर येऊन मी तसं सगळ्यांसमोर सांगितलं.

आणखी एक इंच कापायचा ठरला. त्याहून जास्त कापला असता तर रिकाम्या गाडीत शाफ्ट निसटायची भीती होती. शुक्रवार म्हणून अकबरभाईंचा लेथ बंद. ते नमाज पढून परस्पर घरी जाणार होते, मी शाफ्ट खांद्यावर घेऊन त्यांच्या वाटेत उभा राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कुलूप काढलं.

"अति शहाणा, त्याचा बैल रिकामा," ते म्हणाले. "तुमची तर गाडीच रिकामी निघाली, आबा."

मी शाफ्ट खांद्यावरून उतरवून लेथपाशी ठेवला. दुसरं काय करणार?

कापला, जोडला, लेथवर फिरवून सरळ आहे की नाही ते तपासलं. पाच वाजता शाफ्ट गाडीला लागला. पुन्हा सात मुली आत, मॅडम स्टिअरिंगवर. मला जागा नव्हती, म्हणून मी इंदापूर रोडच्या स्पीडब्रेकरपाशी जाऊन कान देऊन उभा राहिलो. गाडी भरधाव आली. मॅडमनी ब्रेकला पायही लावला नाही. गाडी उडाली, बसली, पुढं गेली. ठोका नाही. आतून सात जणींचा ओरडा तेवढा ऐकू आला. उसाच्या ट्रॉलीवाला ट्रॅक्टर थांबवून बघायला लागला, कारण मी रस्त्याच्या कडेला एकटाच टाळ्या वाजवत होतो.

मुली त्याच गाडीनं गावी गेल्या आणि शनिवारी पावणेआठला मैदानावर हजर झाल्या. मीही गॅरेज बंद ठेवून गेलो. कबड्डीतलं मला फारसं कळत नाही, पण शेवटच्या चढाईत अश्विनी तिघींना बाद करून परतली तेव्हा मॅच आपली झाली एवढं कळलं. मॅडम माझ्याशेजारी बसल्या होत्या. पुढच्या फेरीला भिगवणला जायचंय एवढंच त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले.

माझ्या धंद्यातला धडा साधा आहे. आता गाडी पिटवर घेण्याआधी मी मालकाला पहिलं विचारतो, हिच्यात बसतं कोण? लोक हसतात. मी म्हणतो, हसा, पण बसणाऱ्या सगळ्यांना घेऊन या. त्याशिवाय मी टेप काढत नाही.