डे-लिली आणि सावंतकाकूंची परडी

सोसायटीच्या बागेचं काम अंगावर घेतलं की खत कमी आणि किस्सेच जास्त साठतात. मुलुंडला आमच्याकडे नुकते रंगीत टीव्ही येत होते, तेव्हा मी बाग-कमिटीचा सेक्रेटरी होतो. कमिटी म्हणजे मी आणि वरच्या मजल्यावरचा गायकवाड. बागांच्या स्पर्धेत दरवर्षी शेजारची सोसायटी पहिली यायची. यंदा बक्षीस आपलंच, या जिद्दीने मी केशरी डे-लिली लावली. हिचं फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी संपतं.

*

सोसायटीच्या मीटिंगमध्ये खजिनदार पाटकर तावातावाने उठले. "नर्सरीवाल्याने गंडवलं! संध्याकाळीच मान टाकली फुलाने!"

"अहो, ते एकच दिवस टिकतं. उद्या दुसरं येईल."

"मग सगळी एकदम रविवारी येतील असं बघा! इतर दिवशी आम्ही ऑफिसात असतो."

हे मिनिट्समध्ये घ्या, असाही त्यांचा आग्रह. घेतलं!

*

खरा ताप तळमजल्यावरच्या सावंतकाकूंचा. सकाळी सहाला परडी घेऊन बागेत हजर! केशरी रंग गणपतीला आवडतो म्हणे. मी 'फुले तोडू नयेत' असा बोर्ड लावला. दुसऱ्या दिवशी फूल गायब.

"काकू, बोर्ड वाचला नाहीत?"

"चष्म्याशिवाय माका वाचूक येणा नाय रे."

फूल मात्र चष्म्याशिवाय बरोबर दिसायचं!

*

मग गायकवाडला पहाऱ्यावर बसवलं. साडेसहाला खाली येऊन बघतो तर फूल नाही, आणि हा खुर्चीत बसून खातोय.

"अरे, तुझ्या डोळ्यांदेखत?"

"काकूंनी घावणे आणले यार! गरम होते."

मी डोक्याला हात लावला.

*

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी 'उद्या फूल तोडू नका' म्हणत घरोघरी हात जोडून आलो. सकाळी उतरलो तर उमललेलं एकुलतं एक फूल गायब! काकूंचं दार बडवलं.

"काकू, आजच्या दिवस तरी सोडायचं! वाट लागली ना सगळ्याची!" मला अक्षरशः रडू येत होतं.

काकू वरमल्या. "आज होता काय ता? माका वाटला उद्या." त्या आत गेल्या. देवघरातून बराच वेळ पुटपुटणं ऐकू आलं. मग ताम्हनात फूल घेऊन बाहेर आल्या. त्याला हळद-कुंकू लागलेलं.

"देवाक इचारून हाडलंय. सांजेक परत दी हां!"

गायकवाडने काडेपेटीतली काडी खुपसून फूल देठावर उभं केलं. तेवढ्यात परीक्षक आलेच. एकेक झाड बघत, वहीत मार्क लिहीत डे-लिलीपाशी थांबले. वाकून फूल न्याहाळलं. मग वही गायकवाडच्या हातात दिली, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि डोळे मिटून हात जोडले!