घंटेखालचं पिल्लू

हे मी बायकोला सांगितलं नाही. ज्या मारुतीची उभा जन्म पूजा केली, त्यालाही कधी मोठ्यानं सांगितलं नाही. आणि तुम्हाला आज सांगतो आहे, याचं माझं मलाच नवल वाटतं.

जर्मनची दुसरी लढाई अजून लांब होती तेव्हाची गोष्ट. सोलापुराहून कुंभारीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या मारुतीचा मी पुजारी. घर सात रस्त्याजवळ. देवळाच्या ओवरीत एक कुत्री व्याली. दोन पिल्लं जगली, दोन्ही काळी कुळकुळीत. बायकोच्या हट्टापायी एक मी घरी नेलं. दुसरं तिथंच राहिलं, बरोबर घंटेखाली झोपायचं. पहाटेपासून जो येईल तो घंटा बडवणार, शिवाय माझी पूजेची घंटीही तिथंच किणकिणणार. आधी ते दचकायचं. पण घंटा वाजून होत काय होतं? ना भाकरी, ना रट्टा. मग कान हलवणंही त्यानं सोडून दिलं.

माझंच बघा ना. गिरणीच्या भोंग्यानं आमच्याकडचा पाहुणा ताडकन उठून बसे. मी आपला घोरत असे.

घरचं पिल्लू जरा मोठं झालं, तसं मी त्याला देवळात आणू लागलो. आरतीची घंटी वाजवायची आणि दोघांपुढं भाकरी टाकायची, असा नेम केला. घरचं चार दिवसांत शिकलं. घंटी वाजली की असेल त्या शेतातून धावत यायचं, देवापुढं बसायचं. आणि देवळातलं? भाकरी दिसली तर उठे. नुसत्या घंटीला — छे! कितीतरी दिवस खटपट केली. मूर्ख नव्हतं हो ते. हाकेला येई, परका माणूस ओळखी. पण घंटी त्याच्या लेखी नव्हतीच. हे मला तेव्हाच पुरतं कळलं होतं — पुढचं ऐकताना एवढं विसरू नका.

लोक म्हणू लागले, कुत्रं आरतीला येतं, गेल्या जन्मीचा भक्त असणार. देवळात गर्दी वाढली. मी मान डोलवायचो. भाकरीचं का नाही सांगितलं? मला ते कौतुक गोड लागत होतं.

भिवा धनगर दरसाल मेंढरं घेऊन त्या शिवारात यायचा. लांडगा दिसला की घंटी वाजवायची आणि कुत्र्यांनी तिकडं धावायचं, ही त्याची रीत. घरचं पिल्लू मी त्याला कबूल केलं होतं. आयत्या वेळी दिलं देवळातलं. दोन्ही काळीच — त्याला काय कळणार?

"घंटीला तयार हुईल न्हवं?" त्यानं विचारलं.

"होईल की," मी म्हणालो. "घंटेखालीच वाढलंय."

पुढल्या साली तो आला. सोबत बायको, तिचा उजवा हात कोपरापासून वाकडा. आणि मागून लंगडत ते कुत्रं.

"लांडगा आला तवा हिनं घंटी वाजवली, वाजवली... ह्ये उटलंच न्हाय, पुजारीबुवा. मग हीच आडवी गेली. लई मारलं म्या ह्येला, पाय मोडंस्तवर. पर कुत्रं गरीब हाय वो. माजंच शिकवणं कमी पडलं." मग अंगाऱ्यासाठी हात पुढं केला. "ह्येला अक्कल येऊ द्या."

मी अंगारा दिला. कुत्र्याच्या कपाळाला लावलासुद्धा. त्यानं माझा हात चाटला.

आरतीची वेळ झाली. मी घंटी वाजवली. घरचं कुत्रं धावत येऊन देवापुढं बसलं. भिवानं त्याला हात जोडले, बायकोनं धड हात कपाळाला लावला. त्यांचं कुत्रं आपल्या जुन्या जागी, घंटेखाली, निवांत झोपलं होतं.

भाकरीचा तुकडा माझ्या मुठीत होता. ती दोघं पाठमोरी होईपर्यंत मी मूठ उघडली नाही.