जव्हारच्या वाफ्यांतली हिरवी बुरशी

खोडाळ्याहून बैलगाडी निघाली तेव्हा माझ्या मांडीवर काचेच्या झाकणबश्यांची पेटी होती. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी तेव्हा मदतनीस होतो. जव्हार संस्थानच्या बागेत मिरचीची रोपं वाफ्यातच माना टाकत होती. मातीत उपकारक बुरशी किती, ते मोजायला मला धाडलं होतं. मोखाड्यापर्यंत उतारावर नागली, म्हणजे नाचणी, पिकत आली होती. पुढे नुसतं रान, ओल्या पाल्याच्या वासाचं. तो वास अजून आठवतो.

बागेत कारभाऱ्यानं माळी लहानूकडे बोट दाखवलं. "यानं रानातला कुजका पाला घातला, त्यानं रोपं मेली. तुम्ही तसं सांगा, याला घरी पाठवतो."

लहानू खाली बघत उभा राहिला.

मी पाल्याचे आणि वाफ्यातल्या मातीचे नमुने उकळून निववलेल्या पाण्यात ढवळले आणि ते पाणी बश्यांतल्या, बटाटे शिजवून केलेल्या खळीवर पसरलं. बुरशी उगवली की ठिपके मोजायचे. सकाळी पाहतो तर मुंग्यांनी खळ फस्त केलेली. मी हताश होऊन बसलो. लहानूच्या बायकोनं, येशीनं, चूल पेटवली.

"परत शिजव, दादा. बटाटं मी सोलते."

या खेपेस मुंग्या चढू नयेत म्हणून बश्या पाणी भरलेल्या परातीत पाटावर ठेवल्या. दुपारी तिच्या अंगणात आंबील (नागलीची आंबट पेज) प्यालो.

"बुरशी मोजून काय कराचा?" तिनं विचारलं.

"एक बुरशी रोपं मारते. दुसरी हिरवी असते, ती त्या मारणारीला खाते. ती पाल्यात आहे का, ते बघायचं."

"आन् नसली तं?"

मी उठून परातीत आणखी पाणी ओतलं.

चार-पाच दिवसांनी पाल्याच्या बश्या हिरव्या ठिपक्यांनी भरल्या. रोपं मेलेल्या वाफ्यांच्या मातीच्या बश्यांत हिरवे ठिपके तुरळक होते. त्या सखल वाफ्यांत पाणी साचून पाल्यातली हिरवी बुरशी गुदमरली होती आणि रोपं मारणारी माजली होती. दोष पाण्याचा, पाल्याचा नव्हे, असं मी कारभाऱ्याला स्पष्ट सांगितलं. तो सखल वाफ्यांत उतरून बघून आला आणि म्हणाला, "लहानू, वाफे उंच कर. पाला घाल."

नवं बी उगवेपर्यंत मी थांबलो. काही रोपं गेलीच, पण बरीचशी उभी राहिली. मी निघालो तेव्हा गाडी वळेपर्यंत येशी आणि लहानू कुंपणाशी उभे होते.

संस्थान गेलं, त्या दोघांचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. पुण्यात नंतर अशा कितीतरी बश्या तपासल्या. पण ठिपके मोजताना आजही माझा हात सावकाश चालतो. वाटतं, कुणाची तरी भाकरी यावर ठरायची असेल.