बदललेला प्रायमर

त्या हिवाळ्यात आमच्या रिझर्व्ह, म्हणजे अर्धवेळ सैनिकांच्या, युनिटमधल्या काही जणांना उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्यावर सरावासाठी पाठवले. मी सिग्नलर होतो. कॉर्पोरल विनय मेश्राम माझ्याच सेक्शनमध्ये होता. तो नागपूरचा, मी पुण्याचा. परदेशात, सरे शहरात, आमची घरे एकाच रस्त्यावर. एरवी तो बर्नाबीत सॉफ्टवेअरचे काम करी आणि रविवारी आंबेडकर असोसिएशनच्या हॉलमध्ये मुलांना गणित शिकवी.

तळावरचा दिनक्रम साधा होता. स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायचे, गस्त घालायची. पांढऱ्या अस्वलांमुळे तळाच्या कडेला एक जण शॉटगन घेऊन कायम उभा असे. त्याला बेअर गार्ड म्हणत.

"भाऊ, तुमी रेडिओपाशी पुस्तक वाचत बसा," विनय म्हणायचा. "अस्वल आलं तं सांगतो त्याले, साहेब धडा संपवून रायले, थांब जरा."

"त्याला मराठी येतं का?"

"नागपुरी समजते. पुणेरीची ग्यारंटी नाई."

खराब हवेमुळे सामानाचे विमान आले नाही. आमची काडतुसे त्या विमानात होती. वॉरंट ऑफिसर हॅलोरनने, नंतर शिकारीला जायचे म्हणून घरून आणलेला, स्वतः भरलेल्या काडतुसांचा डबा उघडला. घरी भरलेली काडतुसे ड्यूटीवर वापरायची नाहीत, हा नियम आम्हाला त्यानेच शिकवला होता.

वापरलेली काडतुसे घरी पुन्हा भरणे हा तिकडे अनेकांचा छंद आहे. काडतुसाच्या बुडाशी प्रायमर असतो. त्यावर ठोका बसला की ठिणगी उडते आणि दारू पेटते. शॉटगनचे सगळे प्रायमर एकाच मापाचे असतात, त्यामुळे कुठलाही सहज बसतो. पण प्रत्येकाची आग सारखी नसते. एक बदलला की दाब बदलतो. म्हणून ठरलेल्या कृतीत कोणीही अदलाबदल करायची नसते.

"माझा नेहमीचा दुकानात नव्हता," हॅलोरन म्हणाला. "दुसरा घातला."

विनयने विचारले, "वॉरंट, या थंडीत टेस्ट केलाय?"

"फिट बसला, कॉर्पोरल. प्रायमर इज अ प्रायमर." तो हसला. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

विनयने काडतुसे घेतली. नाहीतर रिकामी बंदूक घेऊन उभे राहावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे मेस टेंटमध्ये जेवत होते. विनय बेअर गार्ड होता आणि मी रेडिओवर; रेडिओच्या भाषेत मी झीरो, तो टू ब्राव्हो.

"झीरो, धिस इज टू ब्राव्हो. बेअर, नॉर्थ साइड. मेस टेंटकडे येतंय. ओव्हर."

"टू ब्राव्हो, झीरो. रॉजर."

मी शिट्टी फुंकली. विनयने गोळी झाडली. उशीवर थाप मारावी तसा आवाज आला. कमजोर प्रायमरने थंडीत दारू नीट पेटवली नव्हती. गोळी नळीतच अडकली होती.

असा आवाज आला की थांबायचे, बंदूक रिकामी करायची, नळी तपासायची; अडकलेल्या गोळीमागून दुसरी झाडली तर नळी फुटते. विनयला हे पाठ होते. अस्वल थांबले नव्हते.

हेडसेटवर तो मराठीत बोलला. "भाऊ, आवाज बरोबर नाई. सगळ्यांले मागून काढा."

"काढतोय. तू मागे ये."

"मी हटलो तं ते थेट तंबूत येईन."

मग दुसरा बार झाला. नळी त्याच्या चेहऱ्याजवळ फुटली. त्या स्फोटाने अस्वल पळून गेले. हेलिकॉप्टर येण्याआधी विनय गेला.

चौकशीत हॅलोरनने थंडीला दोष दिला. त्याला समज देण्यात आली. तो निवृत्त झाला. ओळखीचे लोक सांगतात, अजूनही गॅरेजमध्ये काडतुसे भरतो.

विनयच्या शोकसभेला तो मेडल्स लावून हॉलमध्ये आला. माझ्यापुढे हात करून म्हणाला, "बॅड लक." मी हात खिशातून काढला नाही. विनयच्या बायकोने, सुषमावहिनींनी, मला हळूच विचारले, "भाऊजी, ह्यांना माहीत होतं का, बंदूक फुटू शकते?"

मी म्हणालो, "विनयला माहीत होतं, वहिनी."

त्या दिवशी तंबूत जेवणारे सगळे आणि मी घरी परत आलो. कॉर्पोरल विनय मेश्राम आला नाही.