दोन्ही बाजूंचे नारळ

देवाची वकिली करणारे मी पुष्कळ पाहिले. खुद्द देवाला निःपक्ष राहायला लावणारा माणूस मात्र एकच, तो म्हणजे आसेगावातल्या आमच्या मारुतीचा म्हातारा गुरव. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन भाऊ भांडले की दोघेही आपापल्या जयासाठी नारळ घेऊन येत. गुरवबुवा दोन्ही फोडत, खोबरं एका परातीत कालवत आणि दोघांना तिथेच समोर बसवून खायला लावत. कोणी कुरकुरला तर म्हणत, "देवाले काय तुह्या धुऱ्याचं पडलं? खाय मुकाट." एकदा पाटील एकटेच नारळ घेऊन आले, तर यांनी तो शेंडीसकट परत केला आणि "समोरच्याले घेऊन या" म्हणून त्यांना वाटेला लावलं.

तरुणपणी ते पहिल्या महायुद्धात खेचरं हाकायला इराकातल्या बसऱ्याला गेले होते. तिथली गोष्ट एकच, पण सांगणं रोजचं. "आमच्या पलटणीतले मुसलमान नमाज पढत, अन् समोरचे तुर्कबी. तोंडं दोघायचीबी एकाच दिशेले. नमाज सरली का मंग गोळ्या." मी गावचा मास्तर, दर वेळी हसून सोडून द्यायचो.

मग दुसरी लढाई लागली. इंग्रज सरकारच्या विजयासाठी देवळात अभिषेक, दर्ग्यात दुवा, असा वरून हुकूम आला. आमच्या गावचं जमवायचं काम माझ्याकडे. धर्मयुद्धावर मी तासभर बोललो, वर संस्कृत श्लोकही म्हटले. आता लाज वाटते. शेवटी तालुक्याच्या साहेबांनी नारळ पुढे केला, तर गुरवबुवा अगदी अदबीने म्हणाले, "सायेब, जर्मनवाल्याचा नारळ कुठी हाये?"

गाव हसलं. मीही तोंड दाबून हसलो. साहेब हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कचेरीत बोलावलं आणि हा माणूस आणखी काय काय बोलतो ते विचारलं. 'म्हातारा चळलाय हो' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी बसऱ्याची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, आणि पलटणीत निघालेल्या पोरांनाही ते हीच ऐकवतात, हे न विचारता जोडलं. पंधरा दिवसांत गुरवबुवांकडून तीन पिढ्यांची पूजा काढून घेतली.

पूजा परत मिळावी म्हणून अर्ज लिहून घ्यायला ते माझ्याकडेच आले. गावात दुसरं लिहिणार कोण? मी मान खाली घालून वळणदार अक्षरात लिहीत होतो. चुगली करणाऱ्याबद्दल काही लिहायचं का, असं मी टाक दौतीत बुडवत विचारलं.

"राहू द्या मास्तर," ते म्हणाले. "असन कोणी लेकराबाळायचा धनी. भेला असन बिचारा."

अर्जाचं काही झालं नाही. माझी नोकरी मात्र कायम झाली. पुढे तीन वर्षं ते देवळाच्या बाहेर पायरीवर बसत, आणि मी शाळेतून येताना दिसलो की सरकून जागा करत. मी रोज त्यांच्याशेजारी बसलो. सांगायचं ते आज-उद्या करता करता राहिलं, आणि ते गेले.